पालथा फोन

कुठेही बसली की ती आधी फोन पालथा घालायची आणि त्याच्यावर आपलं रजिस्टर ठेवायची. रजिस्टराखाली फोन थरथरत राहायचा. कुणी तिकडे पाहिलं की विचारायची, "कोणाचा जीव चालला का? नाही ना? मंग राहू द्या."

ती एका तांड्यावरची आशा सेविका होती आणि मी तिची गटप्रवर्तक. गरोदर बायांची नोंद, बाळांच्या लसी, घरोघरचे सर्व्हे ही तिची कामं. ती वेळेत होतात की नाही हे पाहणं माझं काम. पाहणं म्हणजे बहुतेक वेळा वरून आलेला मेसेज खाली ढकलणं. आपण दिवसभरात किती ढकलतो याचा विचार मी कधी केला नव्हता. तुम्ही एखाद्या ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल, तर तुम्हीही केला नसेल.

तिच्या फोनवर कामाचेच अकरा ग्रुप होते. लसीकरणाचा, क्षयरोगाचा, कार्डांचा, मीटिंगचा आणि मीटिंगची आठवण करून देणारा वेगळा. त्यात तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यायचं ठरवलं. तांड्यातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरींनी कौतुकानं तिला अभ्यासाच्या चार ग्रुपमध्ये घातलं. तिथे नोट्स, व्हिडिओ आणि 'हे येणारच' म्हणून छातीठोक सांगितलेले प्रश्न.

पहिल्या वर्षी तिनं सगळं वाचलं. भाकर थापताना व्हिडिओ, दवाखान्याच्या बाकावर नोट्स, तूर सोंगताना कानात इतिहास. दोन विषय गेले, इंग्रजी आणि भूगोल.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काय होईन ताई? वीस जणाईचे उत्तरं वाचले. माह्यं एकबी लिहून नाही पाह्यलं."

तिला नर्स व्हायचं होतं. वय चौतीस. कोर्सला वयाची अट होती आणि तिच्या हातात एकच वर्ष उरलं होतं.

पोलिओच्या मोहिमेत आम्ही दारांवर खडूनं खुणा करतो, त्या तुम्ही पाहिल्या असतील. घरातल्या सगळ्या बाळांना डोस मिळाला तर P, कुणी राहिलं असेल तर X. X घराकडे परत जायचं. तिनं हीच खूण पुस्तकातल्या धड्यांवर सुरू केली. पुस्तक विषयाला एकच, पुसदच्या बाजारात मिळालेलं जुनं. धड्याचं उत्तर न पाहता लिहिता आलं तर P, नाहीतर X. अभ्यासाच्या चारही ग्रुपमधून ती एका दुपारी बाहेर पडली.

"अवो, एवढ्या नोट्स येतात, त्यातलं काही तरी घे," मी म्हटलं.

"ताई, X घर तसंच सोडून तुम्ही दुसऱ्या गावाले डोस पाजाले जाता का?"

जात नाही.

कामाचे ग्रुप ती दिवसातून दोनदा उघडू लागली, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला. फोन मात्र पहिल्या रिंगला उचलायची. सोयाबीनच्या चिखलातून चप्पल हातात धरून बाळंतिणीकडे पळताना मी तिला पाहिलं आहे.

सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची. याडी अंगणात बसून सुनवायची, "नातू सातवीत, सून बारावीत. दोघाईचे डबे मीच भरू का?"

"भरा ना, याडी. नर्स झाली की तुमची शुगर मीच तपासीन."

"मले शुगर नाही!"

"होईन तवा."

एका मासिक बैठकीत आरोग्य केंद्राच्या साहेबांनी तिला उभं केलं. "मेसेज सकाळी सातला टाकला. तुम्ही बाराला पाहता?"

"हो."

"आणि अर्जंट असलं तर?"

"फोन करा, सर. जीव जाणारा माणूस टाइप करत नाही."

सगळ्या आशांनी पदर तोंडाला लावले. मी रजिस्टरात डोकं घातलं. बाहेर आल्यावर झापलं, "काढून टाकतील तुले."

"टाकू द्या. पण आधी माह्या तांड्यावरची एक लस बाकी दाखवा म्हणा."

बाकी नव्हती. ते मला ठाऊक होतं.

इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला. उद्या सकाळी दहाला सर्व आशांची बैठक, गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाई. मी सवयीनं खाली ढकलला आणि मग लक्षात आलं. फोन केला.

"मेसेज पाह्यला का?"

"पाह्यला. मी पेपरले चालली."

"नोटीस निघेल."

"नोटीस कधीबी निघन, ताई. माह्यं वय मांगं येणार नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हजेरी घेतली. "ही कुठे आहे?"

"पेपरला. मी परवानगी दिली." दिली नव्हती. तिनं मागितलीही नव्हती.

"तुम्हाला तो अधिकार आहे?"

"नाही," मी म्हटलं आणि खाली बसले.

नोटीस निघाली, खुलासा मागवला. तिनं अर्ध्या पानावर लिहून आणला. 'मी बारावीचा इंग्रजीचा पेपर द्यायला गेली होती. माझे काम बाकी नाही, रजिस्टर तपासावे. येत्या मंगळवारी भूगोलाचा पेपर आहे. त्या दिवशीही मी येणार नाही.'

"शेवटची ओळ खोडतेस का?"

"काहून? खोटी हाये का?"

मी खाली सही केली. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि कागद फाइलला लावला. मंगळवारी त्यांनी ती कुठे आहे हे विचारलंसुद्धा नाही.

इंग्रजीत अडतीस पडले. "तीन वाया गेले," ती म्हणाली. भूगोलही सुटला. पावसाळ्यात तिनं राजीनामा आणून दिला, रजिस्टरं माझ्यासमोर एकेक उघडून दाखवली आणि यवतमाळला गेली.

परवा एका पेशंटसोबत मी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेले होते. वॉर्डात विशीच्या आतबाहेरच्या शिकाऊ मुली होत्या आणि त्यांच्यात ती. तोच गणवेश, वेणीत पांढरे केस. एका म्हातारीचं मनगट धरून उभी होती. नजर घड्याळाच्या काट्यावर, ओठ हलत होते. हाक मारायला मी तोंड उघडलं.

ती नाडी मोजत होती. मी तोंड मिटलं आणि एसटी गाठायला निघाले.