चार हातांवर लागलेलं पाणी

तीर्थपुरीहून सकाळची एसटी धरली तेव्हा काखेत रिकाम्या पोत्यांची गुंडाळी होती. धाकटी बहीण लता, तिचा नवरा दिलीप आणि संसारातलं उचलता येईल तेवढं घेऊन परतायचं, असं ठरवून निघालो होतो. तिला खाडीकाठी मी बसवलं होतं. उठवायलाही मीच जायला हवं होतं.

जालन्याहून रेल्वेनं गेलो. मुंबईच्या अलीकडची ती खाडी. गावाचं नाव लिहीत नाही. मी पहिल्यांदा आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना तिवरं होती (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं). आता तिथं डोंगर फोडून आणलेल्या मुरमाचा भराव, त्यावर उंच इमारती आणि इमारतींभोवती भक्कम भिंत. मध्ये खाडी अंग चोरून ओढ्याएवढी झालेली.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्यानं गाडी थांबवली.

"हितंच उतरा भाऊ. पुनवेचं उधाण हाय (मोठी भरती). इंजनात पानी जाईल."

"आभाळ तर मोकळं आहे," मी म्हणालो.

तो हसला. "घाटावरचे काय? हितं पानी वरून नाय येत."

चपला हातात घेतल्या. डोक्यावर कडक ऊन होतं आणि गटारातून काळं पाणी उलटं वर येत होतं. शहागडला गोदावरी चढते तेव्हा वरच्या धरणाची खबर आधी येते, माणसं गुरं सोडून घेतात. इथलं पाणी काही न सांगता आलं आणि घोट्यावरून पोटरीवर चढलं. कडेला मुलं पाटावर बसावं तशी उंबऱ्यावर बसून गृहपाठ करत होती. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, आणि तेच मला सोसवेना.

लताच्या दारात चौकट कपाळावर आपटली.

"डोकं सांभाळ दादा!" ती उशिरानं ओरडली. मग माझं कपाळ चोळत म्हणाली, "तू उंच झाला न्हाईस. आम्हीच फरशी वर घेऊन राह्यलो."

पाणी आलं की फरशीवर भर टाकायची, हे दोनदा झालं होतं. चौकट मात्र तिथंच राहिली होती. ज्वारीच्या पिठाचा डबा छताला टांगलेला. तिनं पलंगावर बसवून भाकरी आणि पिठलं वाढलं, शेजारच्या कोळणीनं दिलेली सुकट (वाळवलेली बारीक मासळी) भाजून दिली. पलंगाखाली पाणी हलत होतं.

हा प्लॉट मी पसंत केला तो दिवस आठवला. आमच्याकडे जमीन घेताना आधी एकच विचारतात, पाणी लागतं का? मीही खड्डा खणायला लावला. चार हातांवर पाणी लागलं. आमच्या विहिरी कुठवर खोल गेल्यात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी ओंजळीत घेऊन चाखलं. मचूळ लागलं. आपलं बोअरचंही मचूळच असतं, म्हणून मी तिथंच नारळ फोडला. ते खाडीचं पाणी होतं. खाजण (भरतीचं पाणी शिरणारी जमीन) बुजवून पाडलेले प्लॉट होते ते.

"सामान बांध," मी लताला म्हणालो. "पोती आणलीत."

दिलीप पाणी किती चढलं ते बघायला दाराशी गेला. लता भाकरी थापायची थांबली.

"आन् बाकीच्यांचं काय? ही अर्धी गल्ली आपल्याकडची हे. दादानं बहिणीला दिलंय म्हंजे बराबर असंल, म्हणून आली समदी. मी कुलूप लावून गेले तर त्यांनी कुणाकडं बघायचं?"

"पाणी दरसाल वर येऊन राह्यलंय, लता."

"दिसतंय की. समोर भराव टाकला, तिथलं पाणी आमच्याकडं ढकललं. समुद्र बी वाढतोय म्हणतात. मधी आम्ही."

"मंग?"

"मंग एवढंच कर. आणखी कुणाला धाडू नको."

तिनं पोती घडी करून माझ्या हातात दिली. ओहोटी लागल्यावर मी निघालो. मागं दोघं खराट्यानं गाळ बाहेर लोटत होते.

तीर्थपुरीत उतरलो तर चुलतभाऊ बबन चहाच्या टपरीवर भेटला. लताच्या गल्लीमागं नवे प्लॉट पडलेत, बघायला जाणार म्हणाला.

"घेऊ नको," मी म्हणालो. पाहिलेलं सगळं सांगितलं, कपाळावरचं टेंगूळही दाखवलं.

"सख्ख्या बहिणीला बसवलंस आन् मला बिलकुल नको?" तो हसला. "बरं, पाणी कितीवर लागतंय तेवढं सांग."

"आता खणावंही लागत नाही, बबन."

त्याचा चेहरा उजळला. टपरीवरच्या दोघांनी माना वर केल्या. पोती काखेत तशीच होती. तो आनंद मी ओळखला. नारळ फोडताना माझ्या तोंडावर तोच होता. माझ्या एका शब्दावर माणसं तिकडे गेली, आणि आता इतके शब्द खर्चूनही मला एक माणूस थांबवता येत नव्हता. म्हणून हे लिहून ठेवलं आहे. बबन नाही, निदान टपरीवरचे ते दोघं वाचतील.