देस्पिनाचं नाव आणि लुचेझारची बांधाबांध

लुचेझारला आमच्या स्मोल्यानमध्ये सगळे हुशार म्हणतात. म्हणायला काय जातंय! सोफियातली नोकरी टिकली नाही म्हणून परत आला आणि मी सांभाळते त्या वाचनगृहात कंप्युटरची कामं करू लागला. बुटाची नाडीसुद्धा ‘नंतर’ बांधणारा माणूस.

वाचनगृहाला हवी होती देस्पिनाची गाणी. ही डोंगरातली गायिका गेली आणि कॅसेटी तिच्या मुलीकडे, सेव्दाकडे, राहिल्या. फिती आता झडायला लागल्यात. सेव्दाची अट एकच: गाण्यांच्या प्रोग्रॅमवर सगळीकडे आईचं नाव दिसलं पाहिजे. दिसलं की कॅसेटी तुमच्या.

लुचेझारने प्रोग्रॅम केला. वाईट नव्हता, उगाच का खोटं बोलू. पण बांधाबांधीचा त्याला तिटकारा. प्रोग्रॅमचं नीट पॅकेज करून त्याच्या आत नाव नोंदवलं, तरच ते पडद्याच्या अगदी वरच्या मेनूत येतं. तसाच उघडा चालवला, तर कंप्युटरच्या ज्या भाषेत लिहिलाय तिचं, म्हणजे पायथनचं, नाव झळकतं.

“वर पायथन दिसतंय रे,” मी आधीच सांगितलं होतं.

“आजी, पुड्या बांधणं वाण्याचं काम. नाव चिकटवतो की!”

चिकटवतो! आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोचा, नावाचा कागद दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटवतात. वर्षं उलटली तरी नवे कागद लागतात. या दिवट्याने तेच केलं. आयकॉनवर देस्पिना, पडद्यावरच्या खिडकीच्या माथ्यावर देस्पिना, मागच्या चित्रात देस्पिना. मेनू काय दारावरचा कागद वाचतो?

सेव्दा आली. कॅसेटींची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

“बघा मावशी, जिकडे तिकडे आई!”

तिने चष्मा चढवला. “आणि हे वर कोण?”

“ते होय? तिकडे कुणी बघत नाही.”

“मी बघतेय ना. माझ्या आईच्या डोक्यावर कोण बसवलंयस?”

“पायथन. ते आपोआप येतं, मावशी.”

“आपोआप गवत येतं.”

लुचेझार हसला. मूर्ख! “अर्ध्या तासाचं काम आहे. उद्या करून टाकतो.”

“अर्ध्या तासाचं?” सेव्दा उठली. “आणि माझ्या आईसाठी तुला तेवढंही जड झालं?”

मी समोर ठेवलेल्या चीजभरल्या बानित्साच्या तुकड्याला हातही न लावता ती पिशवी घेऊन गेली. मी दोनदा तिच्या घरी जाऊन आले. “झडू देत फिती,” म्हणाली, “आईच्याच घरात झडतील.”

त्यानंतर मात्र लुचेझारने पॅकेज केलं. मेनूत आता ठसठशीत ‘देस्पिना’ येतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून तो ते दाखवतो. आत एकही गाणं नाही.