ओटी भरायच्या आधी

अयोध्येनं लेकीकडं जन्मात काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एवढंच, की जर्मनीला जायच्या आधी मला एकदा आपल्या मुलखात फिरवून आण. मोनिकाला ऐकून भरून आलं. तिनं मैत्रिणीची गाडी मागून घेतली, दवाखान्यातून रजा काढली, आणि परांड्याचा किल्ला, कुंथलगिरी, येरमाळ्याची येडाई असं सगळं ठरवून टाकलं. आई प्रत्येक ठिकाणाला "बघू की" म्हणाली. मुक्काम कुणाकडं करायचे, ते मात्र तिनं स्वतः ठरवलं.

कारण अयोध्येला किल्ले बघायचे नव्हते. तिला राहायला घर बघायचं होतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मोनिका नर्स. पस्तिशीत जर्मन भाषेच्या परीक्षा देऊन तिनं तिकडची नोकरी मिळवली. आईला बरोबर नेता येत नव्हतं आणि एकटं ठेवताही येत नव्हतं. गेल्या वर्षी पुण्यातल्या त्यांच्या खोलीत अयोध्या चक्कर येऊन न्हाणीघरात पडली, ती मोनिका ड्यूटीवरून परत येईपर्यंत तशीच ओल्या फरशीवर. मग मोनिकानं पुण्याबाहेर एक वृद्धाश्रम शोधला. स्वच्छ, बागबिग असलेला. आईला नेऊन दाखवला. "छान आहे," आई म्हणाली. तिथल्या व्हरांड्यात खुर्च्यांवर बाया ओळीनं बसल्या होत्या आणि फाटक वाजलं की सगळ्यांच्या माना एकदम तिकडं वळत होत्या. अयोध्येनं ते बघितलं आणि त्या खुर्च्या तिच्या डोळ्यापुढून काही हलेनात.

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर पोरगी गेलीच नसती. आणि ती जावी म्हणून तर हा सगळा खटाटोप झाला होता. नवरा लग्नानंतर पाचेक वर्षांनी बार्शीच्या एका बाईकडं राहायला गेला. मेलाही नाही आणि आलाही नाही. अयोध्येनं धाराशिवात खोली भाड्यानं घेतली आणि कॉलेजातल्या पोरांचे, कोर्टातल्या कारकुनांचे डबे केले. भाकरी थापून थापून मनगटं कामातून गेली. एवढं करून शिकवलेली पोरगी आता स्वतःच्या गुडघ्याला बांधून ठेवायची, हे तिला मेली तरी जमलं नसतं. तेव्हा एकच वाट उरली. नात्यातलं एखादं घर धरायचं, कुणाच्या तरी पाया पडायचं, आणि मोनिकाला सांगायचं, मला इथंच राहायचंय बाई, तू निवांत जा.

पहिला मुक्काम भूमला, मावसबहीण लक्ष्मीबाईकडं. तिच्या पोरांची खव्याची भट्टी. सकाळी मोनिका कढईचे फोटो काढायला मागच्या अंगाला गेली आणि दोघी बहिणी चहा घेत बसल्या.

"अक्का, घर लई मोठं झालं की गं तुझं," अयोध्या म्हणाली. "वरच्या खोल्यांत कोण ऱ्हातं?"

"कोण ऱ्हाणार? पोरांनी डबेच डबे रचून ठिवल्यात. तू सांग, पोरगी जाणार म्हणं?"

"व्हय. त्याच्यापायीच मी म्हणत हुते—"

"नशीब काढलंस बघ. आता त्या आश्रमात पाय पसरून बस. आयतं ताट म्होरं येणार. आमाला हाय का कुणी आयतं देणारं? मला तर वाटतंय, मी पण येते तुझ्यासंगं." लक्ष्मीबाई स्वतःच हसली आणि आत तोंड करून तिनं हाक मारली, "सूनबाई, ओटीचं ताट आण गं. निघाल्यात ह्या."

आता ओटी नाही म्हणता येत नाही. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड पदरात पडलं, कपाळाला कुंकू लागलं, की बाईनं नमस्कार करून उठायचं असतं. ओटी घेऊन पुन्हा चहा पीत बसलेली बाई कुणी पाहिली आहे? अयोध्या उठली. नवरा जिवंत होता म्हणून तिची ओटी भरायला कुणाला अडचण नव्हती. जन्मात त्या माणसाचा तिला काही उपयोग झाला असेल तर एवढाच, आणि तोही असा अंगावर आला.

लक्ष्मीबाईच्या मनात काही वाईट होतं असं नाही. पण घरात आलेली बाई कशासाठी आली आहे हे बायकांना फार लवकर कळतं, आणि कळल्याचं न दाखवण्यात त्या फार तरबेज असतात.

दुसरा मुक्काम कळंबच्या अलीकडं, मामेभाऊ शिवप्रसादकडं. तिथं तर तिनं घसाही खाकरला नव्हता तेवढ्यात ताट आलं. शिवाय वर साडी. गाडी वळणावर वळली की डिकीत नारळ इकडून तिकडं गडगडायचे.

"आई, आपण येरमाळ्यात नारळाचा गाडाच टाकू," मोनिका म्हणाली.

अयोध्या हसली. हसताना तिला वाटलं, आपण आता ओरडणार. ती खिडकीबाहेर बघत राहिली. ज्वारी हुरड्यात आली होती. डोंगराच्या कडेनं पवनचक्क्यांची पाती संथ फिरत होती. मोनिका मध्येच गाडी थांबवायची, उतरायची, "आई, किती सुंदर आहे गं" म्हणायची. अयोध्येला त्या सुंदर माळावर एकेक घर दिसायचं, आणि प्रत्येक घरातली बाई ताट सावरून बसलेली दिसायची.

येरमाळ्याला देवीच्या पायऱ्या चढताना तिला गरगरलं. ती मध्येच बसली. मोनिकानं नाडी बघितली, पाण्याची बाटली दिली आणि शेजारी टेकली.

"तू तीन दिवस झाले गप्प आहेस."

"दमले गं."

"आई, एकदा तोंडानं सांग. नको जाऊ म्हण. मी नाही जात. इतकं काही अडलेलं नाही माझं."

हीच ती वेळ होती. तिनं नुसतं "ऱ्हा" म्हटलं असतं तरी सगळं मिटलं असतं. पोरगी राहिली असती, पुण्याची खोली राहिली असती, आणि पाच-दहा वर्षांनी चाळिशी उलटलेली मोनिका म्हातारीचं अंथरूण बदलत मनातल्या मनात काय म्हणाली असती, तेही अयोध्येला आत्ताच ऐकू येत होतं.

"येडी का खुळी तू? डबे काय ह्यासाठी केले मी? ऊठ, दर्शन घेऊ."

देवीपुढं तिनं हात जोडले. ह्या बारीला ताट यायच्या आत मला बोलू दे, एवढंच ती म्हणाली.

उरलं माहेर. येरमाळ्याच्या पुढं डोंगराखालचं गाव, धाकटा भाऊ वैजनाथ. अयोध्येनं माहेर मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. वडील गेल्यावर तिनं तहसिलीत जाऊन आपला हिस्सा भावाला सोडला होता. बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटतं आणि सोडला की दार उघडं राहतं, असं तिला सगळ्यांनी सांगितलं आणि तिनं ते खरं मानलं. शिकल्या-सवरल्या बायका मानतात, तिथं तिचं काय घेऊन बसलात.

माहेरी आता स्लॅबचं घर होतं, दारात ट्रॅक्टर, आणि ओसरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वैजनाथ. तो खूप खंगला होता. भावजय दैवशालानं धपाटे केले, आग्रह केला, रात्री पाय चेपून दिले. सकाळी मोनिका निघायच्या तयारीनं बाहेर आली तर गाडीचं मागचं चाक बसलेलं. थोरल्या भाच्यानं चाक बदलून दिलं आणि पंक्चर काढायला तिला बरोबर घेऊन तो फाट्यावर गेला.

अयोध्येला वाटलं, देवीनं ऐकलं.

"वैजनाथ," ती म्हणाली, आणि तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या. दैवशाला ताट घेऊन उंबऱ्यात उभी.

"वन्सं, ऊन चढायच्या आत निघालेलं बरं. पदर पसरा."

"भरू नको, दैवशाला."

"आँ?"

"ओटी भरलीस की मला उठावं लागंल. मला उठायचं न्हाय."

माहेरवाशिणीनं ओटी नाकारायची हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. थोरली सून स्वयंपाकघराच्या दारात आली. दैवशाला ताट तसंच धरून उभी राहिली.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. अयोध्येनं सगळं सांगून टाकलं. जर्मनी सांगितली, व्हरांड्यातल्या खुर्च्या सांगितल्या, न्हाणीघरातली फरशी सांगितली. "मला एक कोपरा द्या. जनावराच्या गोठ्याशेजारी दिला तरी चालंल. खाईन त्याचं काम करीन. एवढं म्हणायला मी दोन घरं हिंडले अन् दोन ओट्या घेऊन आले. ही तिसरी मी घ्यायची न्हाय."

वैजनाथ आपल्या पायांकडं बघत होता. त्याच्याऐवजी दैवशाला बोलली, आणि फार हळू बोलली.

"वन्सं, तुम्ही कुणाला मागताय? हे घर आता पोरांचं हाय. ह्यांनी दोन वर्षांमागं सगळं त्यांच्या नावावर केलं. मी चहात साखर घालताना सुनंच्या तोंडाकडं बघते. माझी ओटी अजून कुणी भरली न्हाय म्हणून मी हिथं हाय."

"आत्या," थोरली सून दारातूनच सासूला म्हणाली, "काहीबाही बोलू नका. आम्ही काय कुणाला हाकललंय?"

"न्हाय गं बाई. कोण म्हणतंय."

सून वाईट पोरगी नव्हती. हिशेबी होती. मग म्हणाली, "महिनाभर ऱ्हाऊ द्या की त्यांना. पुढं माझी भैन बाळंतपणाला येणार हाय, तवा जागा न्हाय व्हायची. महिना ऱ्हावा."

"ऱ्हा, आक्का," वैजनाथ म्हणाला. त्या सकाळी त्यानं काढलेला तो पहिला शब्द. "महिनाभर ऱ्हा."

महिनाभर म्हणजे पाहुणी. महिन्यानं पुन्हा हीच ओसरी आणि हेच ताट, हे अयोध्येला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. पण मोनिकाचं विमान त्याच्या आधी होतं.

"ऱ्हाते," ती म्हणाली. "एक करा फक्त. पोरीम्होरं महिना म्हणू नका."

दैवशालानं ताट देवापाशी नेऊन ठेवलं. गाडीचा आवाज आला तेव्हा तिघंही ओसरीत होती, कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"झालं गं, निघू या," मोनिका म्हणाली. मग तिला आईची पिशवी खुंटीला दिसली. "हे काय?"

"वैजनाथ म्हणतोय, कायमचीच ऱ्हा. सख्खा भाऊ असताना आश्रमात कशाला, म्हणतोय. मला पण पटलं."

मोनिकानं मामाकडं बघितलं. "मामा, खरंच?"

वैजनाथानं दैवशालाकडं बघितलं. "व्हय," तो म्हणाला. "तिचंच घर हाय."

मोनिका मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. तीन दिवस नाही, तीन महिने तिनं हे धरून ठेवलं होतं. मामीच्या गळ्यात पडली. बीपीच्या गोळ्या कुठली कधी ते थोरल्या वहिनीला दोनदा समजावून सांगितलं. वहिनीनं मान हलवली. मग मोनिका म्हणाली, "आश्रमातली जागा राहू दे का आई, थोडे दिवस? तुझं मन लागेपर्यंत?"

"कशाला? दुसऱ्या कुणाची सोय व्हईल. आत्ताच फोन कर. माझ्याम्होरं कर."

मोनिकानं फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, बरं झालं कळवलंत, यादीत पुष्कळ जण थांबलेत. अयोध्या उभी राहून ऐकत होती. फोन बंद झाला तेव्हा तिनं खांब धरला, पण मोनिका नेमकी डोळे पुसत होती.

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत अयोध्या दारात उभी होती. मागं दैवशाला येऊन थांबली.

"वन्सं, काय केलंत हे? महिन्यानं कुठं जाल?"

"ठावं न्हाय."

"पोरीला कळलं तर?"

"कळंल तवा ती तिकडं असंल. परत यायला विमान लागतंय, एस्टी न्हाय." अयोध्येनं पदर खोचला. तिला परत गरगरत होतं, पण ह्या घरात चक्कर आलेली आत्ताच दिसून चालणार नव्हतं. सून दारातून बघत होती.

"सूनबाई," अयोध्या म्हणाली, "तुरी निवडायच्या असतील त्या आण हिकडं. सूप पण आण."

सुनेनं सूप आणून पुढ्यात ठेवलं, मग पोतं ओढत आणलं. अयोध्या खाली बसली आणि कामाला लागली, भराभर, नवी सून सासूच्या नजरेखाली लागते तशी.