हात खुलतोय असं मला वाटलं होतं

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली आणि पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही गप्प. मग कोपर, मनगट. तिथेही तेच.

“रिफ्लेक्स गेलेत,” ठाण्याच्या हॉस्पिटलातले ते न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. “गियाँ-बारे सिंड्रोम दिसतोय. जीबीएस. आत्ताच ॲडमिट व्हा. वॉर्डात नाही, आयसीयूत.”

जीबीएस म्हणजे काय ते त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. बहुतेक पायांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं. छातीपर्यंत पोचलं की श्वास अडकतो. दोन आठवड्यांपूर्वी माझं पोट बिघडलं होतं, त्याचंच हे निमित्त झालं असावं.

मी एवढंच विचारलं, “हात परत येतील ना?”

“आधी श्वासाकडे बघू,” ते म्हणाले.

मी डोंबिवलीत तबला शिकवतो. वय बावन्न. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात मला एकट्याचं तबलावादन करायचं होतं, म्हणून रोज चार तास रियाज चालू होता. तेव्हाच बोटांना मुंग्या यायला लागल्या. आम्हा तबलावाल्यांत ही चांगली खूण मानतात. बोटं बधिर होईस्तोवर वाजवलं की हात खुलतो, असं आमचे गुरुजी सांगायचे. मी खूश झालो आणि रियाज सहा तासांवर नेला! पायांनाही मुंग्या होत्या, पण दिवसभर मांडी घालून बसणाऱ्याला त्यात नवल ते काय वाटणार? तीन दिवस मी आजाराचं कौतुक करत बसलो होतो.

ओळखलं ते माझ्या मुलीनं. सायली तेवीस वर्षांची, नोकरी करते आणि उरलेला सगळा वेळ मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळते. अशी तशी नाही, स्पर्धांमध्ये खेळते, दोन्ही हातांची चार बोटं एकदम चालवून. मी तिला येता-जाता टोमणे मारायचो. “उद्या कंपनीनं गेम बंद केला की तुझ्या हातात काय राहील? माझ्या हातात विद्या आहे.” ती कानात इअरफोन घालायची.

त्या सकाळी माझ्या हातातून चहाचा कप निसटला. संध्या, माझी बायको, फडकं घेऊन आली. सायली माझ्या बोटांकडे बघत होती.

“बाबा, अंगठा करंगळीला लाव.”

लागेना.

“दुसरा हात. अरे, दोन्ही हातांना सेम? बाबा, हे खेळून-वाजवून होत नाही. मला जास्त खेळून झालेलं ना, ते एका अंगठ्याला झालेलं. तू चल, आत्ता चल.”

“अगं, रियाजानं होतं असं.”

“रियाजानं पाय पण लटपटतात का?”

टॅक्सीनं निघालो. शीळफाट्याला गाड्या तुंबलेल्या. अर्धा तास आम्ही एकाच जागी उभे होतो आणि मी पायाची बोटं हलवून बघत होतो. निघताना हलत होती, मुंब्र्याजवळ हलेनाशी झाली. मी कोणाला सांगितलं नाही.

आयसीयूत पहिल्या दिवशी नर्व्ह कंडक्शन स्टडी झाली. नसांना विजेचे छोटे झटके देऊन संदेश किती वेगानं जातो ते बघतात. मग आयव्हीआयजी सुरू केलं. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली ही रोगप्रतिकारक द्रव्यं सलाइनसारखी पाच दिवस चढवतात.

या सगळ्यापेक्षा मला भीती वाटायची ती एका साध्या तपासणीची. दर दोन तासांनी डॉक्टर यायचे आणि म्हणायचे, “खोल श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा.” तो आकडा घसरला म्हणजे छातीचे स्नायू हरायला लागले. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी एकवीस. तिसऱ्या दिवशी सकाळी सतरा. सोळा मात्रांचा त्रिताल माझ्या रक्तात मुरलेला, त्यामुळे मी मनातल्या मनात हिशेब करायचो की अजून एक आवर्तन पुरं होतंय. दुपारी चौदाला दम संपला. डॉक्टरांनी नर्सला घशात श्वासाची नळी टाकायचं सामान पलंगाजवळ आणून ठेवायला सांगितलं. त्या ट्रेवरचं कापड हिरवं होतं. दुसरीकडे बघायला मान वळत नव्हती.

तेव्हा मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून वाईट एक विचार होता. चाळीस वर्षं घासून कमावलेलं पाच दिवसांत पुसलं गेलं होतं. ज्या हातात विद्या आहे म्हणून मी मुलीला हिणवत होतो, त्या हाताला नर्सची घंटा दाबता येत नव्हती. मग माझ्या आणि तिच्या खेळात फरक तो काय राहिला? हे मी संध्याला सांगायला गेलो, पण ओठही नीट हलेनात.

आकडा तेरावर येऊन थांबला. संध्याकाळी तेरा, सकाळी तेरा, दुपारी पंधरा. “चढणं थांबलंय,” डॉक्टर म्हणाले. नळी लागली नाही. संध्या पॅसेजमध्ये जाऊन रडून आली.

पंचविसाव्या दिवशी मी व्हीलचेअरवर घरी आलो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे दुखणं आलं असेल तर सांगतो, आयसीयूपेक्षा घरचे महिने कठीण असतात. पाय दोन महिन्यांत वॉकरवर आले. बोटं मागेच राहिली. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, “तबला आहे ना घरात? मग त्यावरच व्यायाम करा.”

एकदा बसलो. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, बोट मारलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारावं तसा आवाज आला. पुन्हा तबल्याकडे गेलो नाही. गवसणी घालून ठेव म्हणून संध्याला सांगितलं. शिष्यांचे फोन घेणं बंद केलं.

सायलीनं मग मोबाइल माझ्या हातात दिला. “बोटंच हलवायची आहेत ना? इथे हलव.” मी पहिल्या मिनिटाला मेलो. “परत,” ती म्हणाली. पुन्हा मेलो. “परत.” महिनाभर मी रोज तासभर मरत होतो आणि चक्क हसत होतो. तर्जनी सुधारली, मधलं बोट सुधारलं. एक दिवस मी तिला म्हणालो, “इथे हरायचं काही वाटत नाही बघ. तबल्यावर वाटतं.”

तिनं खेळ थांबवला.

“बाबा, मी आठवीत तबला सोडला ना, तो कंटाळून नाही सोडला. माझं चुकलं की तू डोळे मिटायचास. ओरडायचा नाहीस, नुसते मिटायचास. मला इतकी भीती वाटायची की हात उचलायचाच नाही. गेममध्ये मी हजार वेळा मेलेले असेन, कोणी डोळे नाही मिटले.”

मला ते आठवतही नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. किती मुलं माझ्याकडून अशी निघून गेली असतील?

तबला मोठा की गेम, असं विचाराल तर मी अजून तबलाच म्हणेन. हट्टी माणूस आहे. पण पोरीची बोटं वाया चाललीत हे म्हणायचा हक्क आता मला नाही, कारण त्या बोटांनीच मला वेळेवर दवाखान्यात पोचवलं. दोन्ही हातपायांना एकदम मुंग्या आल्या आणि ताकद जातेय असं वाटलं तर तुम्ही माझ्यासारखे तीन दिवस थांबू नका, एवढंच हात जोडून सांगतो. हात जोडता येतात आता.

उजवी अनामिका कदाचित अशीच राहील, असं डॉक्टर म्हणालेत. रोज सकाळी उठल्यावर मी अजून घाबरत घाबरत पायाची बोटं हलवून बघतो.

गेल्या रविवारी सायलीनं तबल्याची गवसणी काढली आणि समोर मांडी घालून बसली. “वाजव.”

मी त्रितालाचा साधा ठेका धरला. नवव्या मात्रेवर अनामिका घसरली आणि सगळं विस्कटलं. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

“परत,” ती म्हणाली.