विहिरीच्या पाण्याने विझलेली चमक
माझ्यासारख्याने लिहावं एवढं माझं वाचन नाही, माफ करा. पण लिंबाचा रस करपल्याचा वास आला की आमची खडवलीची विहीर आठवते. कल्याणच्या कॉलेजात आम्ही तो रस तापवून यूव्ही दिव्याखाली निळे चमकणारे कार्बनचे कण बनवले होते. मी हौसेने घरच्या विहिरीचं पाणी त्यात घातलं आणि चमक विझली. "लोखंड असेल, नाहीतर पारा. बाहेरून तपासून घेऊ," मॅडम म्हणाल्या. घरी मी आईच्या हातातला तांब्या धरला. "सोड रे! तुझ्या दिव्याला विचारून पाणी प्यायचं का आता?" म्हणत ती गटागटा प्यायली. निकाल येईपर्यंत मी रोज तिच्या घशाकडे बघायचो. अजूनही बघतो, मॅडमचा फोन येऊन गेला तरी: "पारा नाही रे, नुसतं लोखंड."