चाळीस बोगदे

"लिफाफा दिखता है, चिट्ठी नहीं," असं म्हणत ते चष्मा कपाळावर ढकलत. आमच्या संस्थेच्या इंटरनेटच्या दारावर येणारं-जाणारं टिपून ठेवणारी फायरवॉल बसवली होती, तिचे राखणदार ते; सगळे त्यांना काका म्हणत. मी शेजारच्या ग्रंथालयात. ते दुर्गाघाटचे, मी मंगला गौरीची, दोन्ही घाटांवरच्या जुन्या मराठी वस्त्या. त्यामुळे चहाला आमचं मराठी चाले, निम्मं हिंदीत बुडवलेलं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा गृहस्थ असेल. विचारलं तेवढंच सांगणारा, आणि म्हणून साहेबांना न आवडणारा.

एका वर्षी परीक्षेचा पेपर आदल्या दिवशीच फुटला. संचालकांनी चोर तासाभरात शोधला: व्हीपीएन. नाव त्यांनी सकाळीच ऐकलं होतं.

काकांनी समजावलं, की व्हीपीएन म्हणजे कुलूपबंद बोगदा. कुठून कुठे गेला, केव्हा, किती माल गेला, एवढं दिसतं. आत काय होतं ते नाही. संचालकांनी नोंदी मागवल्या. एका दिवसात बोगद्यांच्या चाळीस निघाल्या. "चालीस सुरंगें!" ते इतके खूश झाले की लगेच समिती नेमली आणि समितीसाठी समोसे मागवले.

"सर, सुरंग एक ही है," काका म्हणाले. "थोडा वेळ त्यातून काही गेलं नाही की फायरवॉल त्याला विसरते. पुन्हा हालचाल झाली की नवा समजून लिहून घेते."

"भूलती है, तो खरीदी क्यों?"

"दस्तखत आपके थे, सर."

तो एक बोगदा निघाला रेखाचा. रेखा ग्रंथालयात माझ्या हाताखाली, कंत्राटावर. पीएचडी करत होती. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी तिला त्यांच्या ग्रंथालयाची परवानगी मिळवून दिली होती, ती या वाटेने. मी काकांकडे धावले.

"काका, लिहा ना, ती निर्दोष आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"मी ओळखते तिला."

"मग तू लिही. माझ्या यंत्राला ते ठाऊक नाही."

त्यांनी लिहिलं: बोगदा एक. आलं भरपूर, गेलं थोडं. पण दोन पानांचा पेपर त्या थोड्यातही मावतो. आत काय होतं ते सांगता येत नाही. संचालकांना त्यातलं 'मावतो' एवढंच हवं होतं, बाकीचं खोडायचं होतं. काकांनी सही केली नाही. तरी रेखाला घरी बसवलं. ती काकांशी बोलेनाशी झाली. खरं सांगायचं तर मीही.

आठवड्याभराने काका गल्लीतल्या दुकानात जिलेबी घ्यायला गेले. आमच्या संस्थेतली अर्धी मुलं तिथेच नाश्ता करतात. जिलेबी ज्या कागदात बांधली होती, त्यावर फुटलेल्या पेपरातला प्रश्न चौथा होता. दुकानदाराने सरळ सांगितलं, रद्दी तुमच्याच संस्थेतून येते, ही गड्डी तर परीक्षेच्या आधीची. संचालकांच्या खोलीतल्या झेरॉक्स मशीनवर बिघडलेल्या पेपरच्या प्रती शिपायाने नेहमीप्रमाणे रद्दीत टाकल्या होत्या.

काकांनी तो कागद समितीपुढे ठेवला.

"ये तेल कैसा?" संचालकांनी विचारलं.

"जलेबी का, सर. पेपर आपके कमरे का."

समितीने ठराव केला: बोगद्यांचा यशस्वी बंदोबस्त झाला. रेखा कामावर परतली, पण काकांच्या खोलीकडे फिरकली नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मात्र ती आली. मी तिथेच होते. तिने दारातूनच विचारलं, "आपको मुझ पर शक था?"

"नहीं बेटा. पर मालूम भी नहीं था. जो मालूम नहीं, वो कैसे लिखता? तुम्हारे लिए भी?"

ती आत आली. तिने त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना घरी पोचवायला निघाली. दुर्गाघाटच्या गल्लीत गाडी जात नाही, आणि काकांचे गुडघे दुखत. एका वळणावर सांड आडवा बसला होता. रेखा पुढे झाली, पदर खोचला, त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला उठवलं, आणि मागे न बघता काकांसाठी हात पुढे केला.