मावशीचा सातवा आडाखा

विद्यापीठात जेवढे म्हणून विषय आहेत त्या सगळ्यांत माणसांना डॉक्टर करून सोडणारी आणि स्वतः मात्र दुसरीतच शाळेला रामराम ठोकलेली बाई अख्ख्या जगात एकच झाली, आणि ती आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन यायची. आई तिला मावशी म्हणायची म्हणून मीही मावशीच म्हणायची. पंधरा वर्षं ती आमच्या दारात पाटी उतरवत होती आणि आम्हाला या बाईबद्दल पापलेटच्या भावापलीकडे काडीइतकी माहिती नव्हती. आता आठवलं तरी लाज वाटते.

ही ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. मी पीएच.डी.ला नाव घातलं होतं आणि आमच्या सरांनी विषय ठरवून दिला होता, कोळ्यांचे वाऱ्यापावसाचे आडाखे. समुद्र कधी खवळणार, वारा कधी फिरणार हे कोळी कशावरून ओळखतात ते गोळा करायचं. मी म्हटलं, वा, घरचीच मासळीवाली आहे, काम फत्ते! वही घेतली, भावाचा टेपरेकॉर्डर घेतला आणि वर्सोव्याला मावशीच्या घरी गेले. बघते तर काय, ओटीवर आधीच दोघं बसलेले. एक जण तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतोय आणि दुसरी मुलगी सुक्या बोंबलाचं मीठ चिमट्याने काचेच्या नळीत भरतेय. मावशी मोकळ्या हाताने कोलंबी सोलत होती. मला बघून म्हणाली, “तू पन आयलीस? बस, नंबर लागंल.” मी हबकलेच. आमची मासळीवाली, आणि तिच्या दारात मला नंबर!

मग हळूहळू एकेक कळत गेलं आणि प्रत्येक वेळी मी नव्याने उडाले. समाजशास्त्र येऊन गेलं होतं, अर्थशास्त्र येऊन गेलं होतं. तिच्या हळदीची गाणी संगीतवाल्यांनी नेली होती, बोली भाषाशास्त्रवाल्यांनी, आणि भूगोलवाला तर तिच्या मागच्या दारात काठी रोवून महिनाभर भरती मोजत बसला होता. सगळे मिळून अकरा जण! एकाचा पत्ता दुसऱ्याला नाही. एकाच विद्यापीठाच्या एकाच जिन्याने चढउतार करणारे लोक, पण आपण सगळे एकाच बाईच्या जिवावर डॉक्टर होतोय हे एकालाही ठाऊक नव्हतं. मावशीला मात्र सगळे विषय पाठ. ती त्यांना खोडीवरून ओळखायची. “त्यो प्रानीवाला मासली दारूत बुडवून नेतो आनि पीत पन नाय,” ती सांगायची. “आनि त्यो मनाचा डाक्टर! कागदावर शाई सांडून आनलेली आनि इचारतो, काय दिसता. मी म्हटला, ही मांदेली, हा चिरलेला बोंबील. त्याचा तोंड असा पडला, मना वाटला याचा कोन गेला की काय. मग म्हटला, बाबा, तुला काय दिसाया पायजे ता सांग, मी तसा बोलते.” मला हसू आवरेना, पण या शेवटच्या वाक्यात काय भरलंय ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

ते शिरलं वर्षभराने. माझे एकशे बारा आडाखे टाइप होत आले होते, प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते आणि सर खूश होते. एक दिवस ग्रंथालयात मी सहज आहारशास्त्राचा एक प्रबंध उघडला. त्यात वर्सोव्याची पाच मुलांची आई होती, वय अठ्ठेचाळीस, वर्णन डिट्टो मावशीचं. शेजारीच समाजशास्त्राचा होता. त्यात तीच बाई साठ वर्षांची आणि चौदा माणसांच्या कुटुंबात! अगं बाई गं! मावशीला एकुलती एक मुलगी, ती गोराईला दिलेली, आणि घरात मावशी एकटी. तडक बस पकडली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती वलांडीवर, म्हणजे बांबूच्या त्या मांडवावर, बोंबील वाळत घालत होती.

“मावशी, तुला पाच मुलं कधी झाली?”

“त्या दिवशी झाली,” ती थंडपणे म्हणाली. “पोर रडाया लागली ना गो. तिच्या मास्तरनं सांगलेला, पाच पोरांची आय पायजे. मी म्हटला, रडू नको. शेजारची चार बोलवली, बसवली रांगेत.”

“चार? मग पाचवं?”

“पाचवा शालेत गेला म्हटला.”

दोन प्रबंध, दोन पदव्या, आणि पाया काय तर शेजारची पोरं! आणि मग मला माझी वही आठवली. “मावशी,” मी म्हटलं, “माझे आडाखे?”

“तुझं खरं हायत सगलं.” तिने एक बोंबील नीट केला. “सात सोडून.”

“कोणते सात?”

“आता घाई हाय. येत जा दर आयतवारी. एकेक सांगते.”

माझी वाट लागली होती आणि ही बाई मला हप्ते बांधून देत होती! पाया पडले, रागावले, आईला मध्ये घातलं. मावशी ढिम्म. शेवटी दर रविवारी जाऊ लागले. दिवसभर कोलंबी सोलायची, तिच्या मुलीच्या सासूच्या कागाळ्या ऐकायच्या, तिच्या हातचं कालवण जेवायचं, आणि निघताना उंबऱ्यात एक आडाखा पदरात पडायचा. पहिलाच असा निघाला की विचारू नका. मांजरीने सुक्या बोंबलाकडे पाठ फिरवली की तिसऱ्या दिवशी वारा फिरतो, हा तो आडाखा. यालाच सर ‘तुमच्या प्रबंधाचा प्राण’ म्हणत होते! “मांजर कवा बोंबलाला पाठ दाखवंल का?” मावशी म्हणाली. “तू लिवलास, मास्तरनं वाचला, कोनाच्या डोस्क्यात नाय आला?” सरांना सांगितलं तर म्हणाले, “इतका सुंदर आडाखा खोटा असणं शक्य नाही.” मी तो काढला, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सहा रविवारी सहा गेले. सातव्या रविवारी म्हणाली, “बांधून आन तुझा पुस्तक, मग सांगते.” काय करणार? उरलेल्या एकशे सहांत एक खोटा आहे हे माहीत असून मी प्रबंध दिला. तोंडी परीक्षेतही कुणाला काही कळलं नाही. मग पेढे आणि काळ्या कापडात बांधलेली प्रत घेऊन तिच्याकडे गेले. तिने हात पदराला दोन-दोनदा पुसले, प्रत हातात घेतली, हुंगली आणि देवांशेजारी ठेवली. “अकरा डाक्टर झाले या वटीवर,” ती म्हणाली, “पेढा कोनी आनला नाय.”

“आता तरी सातवा सांग.”

ती हसली. “ता सांगला तर तू कशाला येशील?”

मीही हसले. येईन गं, दर रविवारी येईन, म्हणाले. आणि पुढच्याच महिन्यात नागपूरला नोकरी लागली. पहिली दिवाळी तिकडेच गेली, उन्हाळ्यात पेपर तपासायचे होते, दुसऱ्या दिवाळीलाही काहीतरी निघालंच. अकरा जणांना नावं ठेवणारी मी, बारावी निघाले. दोन वर्षांनी घरी आले तर दारात दुसरीच बाई पाटी उतरवत होती. आई म्हणाली, “अगं, मावशी होळीच्या आधीच गेली. तुला कळवायचं राहूनच गेलं.” मी स्वयंपाकघरात जाऊन ओक्साबोक्शी रडले.

आता बदली होऊन पुन्हा अंधेरीत आले आहे. प्रबंधात एक खोटा आडाखा आहे, तो शोधून दुरुस्त करायला हवा, असं घरी सांगते आणि रविवारी वर्सोव्याला जाऊन बसते. वारा बघते, खेकड्यांची बिळं बघते, ढगांचा रंग वहीत टिपते आणि प्रबंधाशी ताडून बघते. ब्याण्णव झाले. सगळे खरे निघाले. चौदा राहिलेत. तिच्या बंद दारावरून परत येताना मी ओटीपाशी थांबते आणि सांगते, “मावशी, या आयतवारी पण नाही सापडला गं. पुढच्या आयतवारी येते.”